जुनं मोटरहोम, हाताला लागणारी पूड आणि मेग्वायर्स ४९: ॲरिझोनातला अनुभव

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेले सुटतील. फायबरग्लासच्या जुन्या मोटरहोमवरून, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीवरून, हात फिरवल्यावर तळव्याला पांढरी पूड लागत असेल, तर मेग्वायर्सचं ४९ नंबरचं ‘हेवी ड्यूटी ऑक्सिडेशन रिमूव्हर’ आणि लोकरी पॅड लावलेलं पॉलिशिंग मशीन, या जोडीवर खुशाल पैसे घाला. वरून लावायचं वॅक्स चांगल्यापैकी कुठलंही चालतं. ‘लावा, पुसा, चमकवा’ छापाच्या बाटल्यांच्या नादी लागू नका. आणि शिडीच्या ऐवजी घोडा, म्हणजे रंगारी उभे राहतात तो घडीचा प्लॅटफॉर्म, घ्या, या सगळ्या खरेदीत तुमच्या कमरेचे खरे आभार तोच मिळवेल.

आता सविस्तर. गाडी २००४ ची, २९ फुटी, क्लास सी. म्हणजे पुढे फोर्ड ई-४५० ची केबिन आणि तिच्या डोक्यावर पुढे आलेला झोपायचा माळा. बाजूच्या भिंती पांढऱ्या फायबरग्लासच्या सपाट शीटच्या, माळ्याचं कपाळ आणि गाडीची पाठ मात्र साच्यातून काढलेली. छत रबराचं, ईपीडीएम. आम्ही राहतो चँडलरला, फीनिक्सच्या आग्नेयेला. आमच्या वस्तीच्या असोसिएशनला घरासमोर मोटरहोम उभं राहिलेलं खपत नाही, त्यामुळे गाडी वर्षभर भाड्याच्या उघड्या यार्डात. २०२३ च्या उन्हाळ्यात फीनिक्सला सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट किंवा त्याच्या वर होता, म्हणजे आपल्या हिशोबात ४३ सेल्सिअसच्या पुढे. तो सगळा उन्हाळा गाडीने उघड्यावर काढला. त्यात मॉन्सूनच्या दिवसांत धुळीच्या भिंतीच्या भिंती चालून येतात, त्यांना इथे हबूब म्हणतात. धूळ बसते, वर पावसाचे चार थेंब पडतात आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांतून काळे ओघळ उतरतात. यार्डात ड्रायव्हरची बाजू नैऋत्येला असते. ती बाजू आणि दाराची बाजू शेजारी शेजारी पाहिल्या तर दोन वेगवेगळ्या गाड्या वाटाव्यात इतका फरक पडला होता.

मी इकडे यायच्या आधी भोसरी एमआयडीसीत एफआरपीच्या, म्हणजे फायबरग्लासच्या, कामात होतो. बसचे पुढचे चेहरे, टेम्पोची बॉनेट, पाण्याच्या टाक्यांची झाकणं, असं काय काय. त्यामुळे इथे लोक जेव्हा ‘पेंट गेला’ म्हणतात तेव्हा मला राहवत नाही. बहुतेक जुन्या पांढऱ्या मोटरहोमच्या भिंतीवर पेंट नसतोच, तो जेलकोट असतो. पॉलिस्टर रेझिनमध्ये रंगद्रव्य मिसळलेलं असतं. साच्याला आधी वॅक्स घासून आरशागत करायचा, त्यावर जेलकोट मारायचा, तो चिकट असतानाच मागून काचेच्या धाग्यांचं मॅट आणि रेझिन बसवून रोलरने हवा काढायची. वस्तू साच्यातून सुटते तेव्हा साच्याची चमक घेऊनच बाहेर येते. वरून काही लावलेलं नसतं.

हे कळलं की पुढचा अर्धा गोंधळ संपतो. ऊन त्या रेझिनला तोडतं. रेझिन गेलं की त्याने धरून ठेवलेलं रंगद्रव्य आणि फिलर मोकळं होतं, तीच हाताला लागणारी पूड. पृष्ठभाग बारीक बारीक खड्ड्यांचा होतो, त्यात मळ बसतो आणि साबणाने निघत नाही. म्हणजे वर काहीतरी लावून चमक आणायची नसते, मेलेला थर खरवडून खालच्या जिवंत जेलकोटपर्यंत जायचं असतं. साच्यातून काढलेल्या भागावर जेलकोट साधारण अर्धा मिलिमीटर असतो. कारच्या रंगावरचा पारदर्शक थर, क्लिअरकोट, त्याच्या एक दशांश असतो, म्हणून कारवर जे करायला हात धजावत नाही ते इथे करता येतं. मात्र सपाट शीटच्या भिंतींवर जेलकोट बराच पातळ असतो, तिथे हात आवरता घ्यायचा.

दोन चाचण्या सांगतो, फुकटातल्या. काळं फडकं घ्या, कोरडंच, आणि भिंतीवर दाबून एकदा ओढा. फडकं पांढरं झालं तर ऑक्सिडेशन, म्हणजे वर सांगितलेली उन्हाने झालेली पूड, आहे. मग त्याच जागेवर पाणी मारा. ओलं असताना चमक आणि रंग परत आल्यासारखा दिसला तर पॉलिशने काम होईल. ओलं करूनही निर्जीव दिसत असेल, किंवा आत कापडाची वीण दिसायला लागली असेल, तर जेलकोटच संपलाय. मग पॉलिशवर पैसे घालवू नका, सरळ रंगवायचं बघा. आणि एक तिसरी, ती चमकेसाठी नाही: संध्याकाळी टॉर्च भिंतीला चिकटवून लांबवर प्रकाश टाका. कुठे फुगवटा दिसला तर आत पाणी शिरून शीट सुटायला लागलंय. अशा भिंतीला बफिंग करत बसण्यात अर्थ नाही, आधी गळती शोधा.

आमची गाडी फडक्याच्या परीक्षेत साफ नापास झाली, पण पाण्याच्या परीक्षेत पास.

सुरुवातीला मी दुसऱ्याकडूनच करून घ्यायच्या विचारात होतो. इथे घरी किंवा यार्डात येऊन काम करणारे फिरते डिटेलर, म्हणजे गाडी धुऊन-घासून चमकवून देणारे, भरपूर आहेत, दर फुटावर सांगतात. एकाने फुटाला ३८ डॉलर सांगितले, म्हणजे अकराशे. माणूस चांगला होता, त्याने भिंत हाताने पाहिली, काळं फडकं स्वतःच्या खिशातून काढलं, आणि छत व केबिन यात धरलेली नाही हेही स्वच्छ सांगितलं. मला तो भाव अन्यायाचा वाटला नाही, आणि काम स्वतः केल्यावर तर मुळीच वाटत नाही. त्याच्या आधी एका स्वस्त ‘वॉश अँड वॅक्स’वाल्याकडून एकदा गाडी करून घेतली होती. तासा-दीड तासात गाडी झकास दिसायला लागली, फोटो काढले, घरच्या ग्रुपवर टाकले. पहिल्याच धुण्यात चमक गटारात गेली. त्याने पूड काढलीच नव्हती, तेलकट वॅक्सने ती ओली ठेवली होती. डिटेलरला विचारायचा प्रश्न एकच: मशीन लावणार का, आणि कुठल्या पॅडवर कुठलं कंपाउंड, म्हणजे घासून थर कापणारं पॉलिश? उत्तरात नुसतं ‘सिरॅमिक, सिरॅमिक’ ऐकू आलं तर फोन ठेवा. सिरॅमिक, म्हणजे वरून द्यायचा कडक संरक्षक थर, वाईट नाही, पण पूड तशीच ठेवून वर सिरॅमिक लावलं तर ते पुडीलाच चिकटणार ना.

गाडीच्या पाठीवर आणखी एक भानगड निघाली. आधीच्या मालकांनी तिथे फरशीचं ॲक्रिलिक पॉलिश लावलेलं होतं. ही पद्धत अमेरिकेतल्या मोटरहोमवाल्यांत चांगलीच रुळलेली आहे. भिंत घासून धुवायची आणि दुकानांच्या फरशीला लावतात ते पाण्यासारखं पातळ ॲक्रिलिक चार-पाच हात द्यायचं. खड्डे भरतात, काचेसारखी चमक येते, मशीन लागत नाही, खर्च नगण्य. ज्यांना खांदे साथ देत नाहीत त्यांनी हे का करावं हे मी समजू शकतो, आणि दरवर्षी नेमाने निगा राखणाऱ्यांच्या गाड्या चांगल्या दिसतातही. पण ती पापुद्र्याची चमक आहे. निगा सुटली की उन्हाने पिवळी पडते आणि कोपऱ्यांवरून सुटायला लागते. आमच्या गाडीची पाठ तशीच झाली होती: मध्ये पिवळट, दिव्यांभोवती पापुद्रे. पॉलिश करायचं तर तो थर आधी काढावाच लागतो, नाहीतर पॅडला चिकटून त्याचा रबरी लगदा होतो. अमोनिया असलेलं फरशीचं स्ट्रिपर लावून, थोडं थांबून, पांढऱ्या मऊ घासणीने काढलं. वास असा की डोळ्यांतून पाणी. मोकळ्या हवेत, हातमोजे घालून, आणि ब्लीचच्या आसपासही न जाता करायचं काम आहे. हा एवढा भाग माझ्या मते सगळ्यात कंटाळवाणा होता.

धुण्याबद्दल फार लिहीत नाही. भांड्यांचा डॉन साबण घेतला. एरवी गाडीला तो वापरू नये म्हणतात कारण वॅक्स उतरवतो, इथे आपल्याला तेच हवं असतं. काळ्या ओघळांसाठी ‘बार कीपर्स फ्रेंड’ची पूड. तिच्यात ऑक्झॅलिक ॲसिड असतं, आपल्याकडे मार्बल पॉलिशवाले शेवटच्या हातासाठी वापरतात तेच. ओलं फडकं, थोडी पूड, हलका हात आणि लगेच भरपूर पाणी. हातमोजे घालाच. मेलॅमाइनचे पांढरे स्पंज, जे भिंतीवरचे रेघोट्यांचे डाग काढायला घरात असतात, तेही ओघळ काढतात, पण ते म्हणजे बारीक पॉलिश पेपरच आहेत. पॉलिश करायच्या आधी चालतील, नंतर नको. प्रेशर वॉशर खिडक्यांच्या, दिव्यांच्या आणि छताच्या सांध्यांपासून लांब. फीनिक्सचं पाणी जड आहे, उन्हात वाळलं की ठिपके सोडतं. म्हणून भिंत धुतली की ती लगेच पुसायची, वाळायची वाट बघायची नाही. राहिलेल्या ठिपक्यांना पातळ केलेला पांढरा व्हिनेगर पुरतो.

आता मुख्य वस्तू. मेग्वायर्स ही १९०१ साली फर्निचरच्या पॉलिशपासून सुरू झालेली कंपनी, २००८ पासून थ्रीएमच्या मालकीची. त्यांची बोटी आणि मोटरहोमसाठी वेगळी मालिका आहे, तिच्यात ४९ हे जोरकस कापणारं, ४५ हे त्यानंतरचं चमक काढणारं पॉलिश आणि ५६ हे वॅक्स. कारच्या दुकानात जे रबिंग कंपाउंड मिळतं त्यानेही ऑक्सिडेशन निघतं, पण २९ फुटांवर वेळ फार जातो. ४९ ची १६ औंसाची बाटली मला वीस डॉलरच्या आसपास पडली. एवढ्या गाडीला तीन-चार लागतात. बाटलीवरचा ‘हेवी ड्यूटी’ हा शब्द खरा आहे, यावर माझं बोट ठेवायला जागा नाही.

मशीनबद्दल लोक फार वाद घालतात. रोटरी म्हणजे सरळ एका अक्षावर फिरणारं, आपल्याकडे गॅरेजमध्ये बफिंगला असतं ते. दुसरं ड्युअल ॲक्शन, जे फिरता फिरता डुलतंही. रोटरी भरभर कापतं, पण तापतं. फायबरग्लास उष्णता वाहून नेत नाही, एका जागी मशीन थांबलं की ती जागा तापतच राहते आणि कडेवर, कोपऱ्यावर जेलकोट जळून खालचे धागे दिसायला लागतात. भोसरीत नवीन पोराच्या हातात बफ द्यायच्या आधी त्याला टाकाऊ बॉनेटवर बसवत असत ते याचसाठी. ड्युअल ॲक्शनने जाळणं अवघड, पण खूप खराब भिंतीवर ते नुसतं गुदगुल्या करतं. माझं मत असं: हात बसलेला असेल तर ४९ साठी रोटरी आणि लोकरी पॅड, नसेल तर ड्युअल ॲक्शन, मायक्रोफायबरचं कापणारं पॅड आणि दुप्पट वेळ.

काम कसं चालतं ते एका तुकड्यावर सांगतो, कारण बाटलीवरच्या दोन ओळींत ते कळत नाही. गाडी एका ओळखीच्यांच्या क्वीन क्रीकमधल्या मोकळ्या जागेत, तोंड उत्तरेला करून लावली. म्हणजे सकाळी पश्चिमेची भिंत सावलीत आणि दुपारनंतर पूर्वेची. जानेवारीत इथे हवा पुण्याच्या डिसेंबरसारखी, तरी उन्हातल्या भिंतीवर हे काम करायचं नाही, तळहात ठेवला तर गार लागली पाहिजे. दोन फूट बाय दोन फूट जागा. पॅडवर पाण्याचा एक फवारा, मग ४९ चे बोटभर लांबीचे तीन-चार ठिपके भिंतीवरच. मशीन बंद असताना पॅडने ते पसरायचे, नाहीतर सुरू केल्या क्षणी चष्म्यावर, केसांत आणि खिडकीच्या रबरात. मग मशीन हळू सुरू करून मिनिटाला साधारण १२०० ते १५०० फेऱ्यांवर आणायचं. आडवे पट्टे, प्रत्येक पट्टा आधीच्यावर अर्धा चढलेला, मग तेच उभे. पॅड भिंतीला जवळजवळ सपाट, वजन मशीनचंच.

पहिल्या फेरीत आवाज खरखरीत येतो आणि पॅड भिंतीला ओढतं. पांढरट लगदा तयार होतो, तो कंपाउंड कमी आणि तुमची गाडी जास्त असतो. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत आवाज बदलतो, मऊ होतो, आणि मशीन हातात हलकं वाटतं. हा बदल कानाला कळला की समजायचं खालचा कडक जेलकोट लागला. ॲरिझोनाची हवा इतकी कोरडी की कंपाउंड मध्येच वाळून भुकटी उडते, म्हणून बाजूला पाण्याची फवारणीची बाटली हवीच, एक फुसकारा मारला की पुन्हा चालू. पॅड लगेच लगेच तुंबतं. लोकर कडक, चपटी झाली की कापणं थांबतं आणि नुसतं तापवणं सुरू होतं. पॅड साफ करायचं दातेरी चाक मिळतं, मशीन हळू फिरवत ते लोकरीवर धरायचं. दर दोन-तीन तुकड्यांनंतर हे केलंच पाहिजे. सोबत पांढरी लोकर सगळ्या अंगावर. मास्क आणि गॉगल लावाच, ही पूड नाकात जायच्या लायकीची नाही.

मग मायक्रोफायबरने पुसायचं आणि लांब उभं राहून तिरकं बघायचं. पहिला तुकडा ड्रायव्हरच्या बाजूला, खिडकीच्या खाली केला. निळी मास्किंग टेप लावून चौकोन आखला होता. टेप काढली तेव्हा आत क्वीन क्रीकची कुंपणाची जाळी स्पष्ट दिसत होती आणि बाहेर भिंत दुधाळ, मेलेली. बायको चहाचे कप घेऊन आली, बघून म्हणाली, “अहो, छान आहे, पण आता जुन्या लुगड्याला नवं ठिगळ दिसतंय. आता थांबता येणार नाही तुम्हाला.” खरं होतं. एक तुकडा करून बघू, असं या कामात कोणी करू शकत नाही.

ती स्वतः मग ड्युअल ॲक्शन घेऊन मागे लागली. माझ्या रोटरीने भिंतीवर गोल गोल रेषा राहतात, उन्हात तिरकं पाहिलं की दिसतात. ती माझ्या मागून फोमचं पॅड आणि ४५ नंबरचं पॉलिश घेऊन त्या काढत आली. पांढऱ्या गाडीवर ही पायरी गाळली तरी शेजाऱ्याला कळणार नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण तिला कळत होतं, आणि गाडीचा गडद पट्टा असलेल्या खालच्या भागावर मलाही कळलं. वेळ कमी असेल तर ४५ फक्त रंगीत जेलकोटवर आणि दाराच्या बाजूला करा, पांढऱ्यावर ४९ नंतर थेट वॅक्स चालेल.

माळ्याचं कपाळ हा सगळ्यात वाईट भाग होता. तो आकाशाकडे तोंड करून असतो, ऊन सरळ तिथेच पडतं, आणि हायवेवरचे किडे त्यावर. इथे ४९ ने दोन-तीनदा फिरूनही ठिपके राहिले. शेवटी १५०० नंबरचा वॉटर पेपर, साबणाचं पाणी आणि हाताखाली रबरी ब्लॉक घेऊन तेवढाच भाग घासला, मग परत ४९. हे साच्यातल्या भागावर चालतं. बाजूच्या सपाट शीटवर वॉटर पेपर मी लावला नाही, तुम्हीही लावू नका.

घोड्याचं महत्त्व इथेच. गाडीची उंची अकरा फुटांच्या आसपास. शिडीवर एका हाताने धरायचं आणि एका हाताने मशीन चालवायचं हा आत्मघात आहे, रोटरी झटका देतं तेव्हा दोन्ही हात त्यावर लागतात. ॲल्युमिनियमचा घडीचा प्लॅटफॉर्म, आपले रंगारी ज्याला घोडा म्हणतात तो, मला साठेक डॉलरला मिळाला. चार-पाच फूट लांब फळीवर दोन पाय टेकून उभं राहता येतं. वायर खांद्यावरून मागे टाकायची. माझा सगळ्या यादीतला सगळ्यात समाधानाचा खर्च हाच.

स्टिकरचे पट्टे मात्र जपा. वीस वर्षांच्या विनाइलला तडे गेलेले असतात, पॅडची कड लागली की तो सोलून निघतो आणि रंग शेजारच्या पांढऱ्यावर माखतो. सगळ्या कडा टेपने झाका, आणि टेपच्या कडेचा अर्धा इंच हातानेच करा. पट्ट्यांवर पॉलिश नाही, वॅक्स नाही. ३०३ या नावाचं, उन्हापासून जपणारं प्रोटेक्टंट फवारून पुसा, खिडक्यांच्या रबरालाही तेच. तडे त्याने जाणार नाहीत, पण उरलेलं टिकेल. तसंच केबिन: ती फोर्डची, पत्र्याची, तिच्यावर कारसारखा रंग आणि क्लिअरकोट. तिच्यावर ४९ चालवणं म्हणजे क्लिअरकोटला रामराम. साधं कारचं पॉलिश, फोमचं पॅड, ड्युअल ॲक्शन, एवढं बस्स.

वॅक्सवर मी फार शब्द खर्चणार नाही कारण मला त्यात फार फरक दिसला नाही. एका बाजूला मेग्वायर्सचं ५६ लावलं, दुसऱ्या बाजूला न्यूयॉर्क राज्यातल्या युटिकाच्या कॉलिनाइट कंपनीचं ९२५. दोन्हींवर पाणी सुरेख थेंब धरून पळतं. ९२५ पातळच लावायचं, छोट्या भागावर, आणि लगेच पुसायचं. जाड थर घट्ट बसतो, मग खांद्याची परीक्षा. ५६ पुसायला सोपं. पुढच्या उन्हाळ्यानंतर ९२५ ची बाजू जरा बरी वाटली, पण दोन बाजूंना ऊन सारखं पडत नाही, म्हणून यावर शपथ घेणार नाही. बोटींचं वॅक्स बोटींसाठी असलं तरी इथे समुद्र नाही, इथे ऊन आहे, आणि या उन्हात कुठलंच वॅक्स वर्षभर पुरत नाही. मार्चमध्ये एकदा आणि ऑक्टोबरमध्ये एकदा असं वर्षातून दोनदा लावतो. एका सकाळचं काम आहे, मशीन लागत नाही. हे केलं तर ४९ ची वेळ पुन्हा लवकर येत नाही. जेलकोट कितीही जाड असला तरी दर वर्षी कापायला तो अक्षय्यपात्र नव्हे.

खर्चाचा हिशोब: सवलतीच्या हत्यारांच्या दुकानातलं रोटरी सत्तर डॉलर, ४९ च्या बाटल्यांचे ऐंशी, लोकरी पॅड आणि चाक मिळून तीस-पस्तीस, घोडा साठ, वॅक्स, टेप आणि फडक्यांचे पन्नासेक. बायकोचं ड्युअल ॲक्शन आमच्याकडे आधीपासून कारसाठी होतं, ते धरलेलं नाही. म्हणजे सगळं तीनशेच्या आसपास, डिटेलरच्या अकराशेसमोर. पण त्यात आमचे जानेवारी-फेब्रुवारीतले जवळजवळ सगळे शनिवार-रविवार गेले, दोघांचे. तासांचा भाव लावायला बसलात तर डिटेलर स्वस्त पडेल. तुम्हाला मशीनचा आवाज आणि खांदेदुखी आवडत नसेल, गाडी ३५ फुटांच्या पुढे असेल, किंवा पाठीचं दुखणं असेल, तर सरळ चांगला माणूस शोधून पैसे द्या, त्यात कमीपणा नाही.

छताचं एक राहिलं. रबराचं छतही उन्हात पूड सोडतं, आणि ती पावसाबरोबर भिंतीवरून पांढरे ओघळ होऊन उतरते. छत न धुता भिंती केल्या तर पहिल्या मॉन्सूनमध्ये सगळं मुसळ केरात. म्हणून छत आधी, भिंती नंतर. ईपीडीएमवर पेट्रोलियमचं किंवा संत्र्या-लिंबाच्या तेलाचं क्लीनर चालत नाही, रबर फुगतं. सौम्य साबण, मऊ ब्रश, भरपूर पाणी. आणि वर गेलातच आहात तर व्हेंटच्या भोवतीचं सीलंट बघून या, तडा दिसला तर तेव्हाच भरा.

गुण द्यायचेच झाले तर ४९ ला पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो आमच्या कोरड्या हवेत पटकन वाळतं म्हणून, पण ते हवेचंच देणं आहे. ४५ ला चार, ५६ आणि ९२५ दोघांनाही चार. घोड्याला पाच. चँडलर-गिल्बर्ट भागात कुणा मराठी माणसाकडे असलं धूड असेल तर मशीन उसनं द्यायला माझी हरकत नाही, घोडाही घेऊन जा. लोकरी पॅड मात्र आपापले आणा.